उन्हाची बेगमी

महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते हें गांव लागतें. मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे या मुलखांतील माणसास पुढील चार महिने सूर्याचें दर्शन बेताबेतानेंच घडतें. म्हणून आगोटीपूर्वीं घरोघर बेगमीची घाई असे, व अद्यापिहि ती कांहीं अंशीं असते. पडवींत लाकूडफांटा रचावयाचा, गोवऱ्या माळ्यावर चढवावयाच्या, मिरच्या, आमसुलें व सुकी मासळी वाळवून ठेवावयाची, हा तेथील वहिवाटीचा क्रम. हें सारें उन्हाचेंच धन होय. झाडानें वर्षानुवर्षें घेतलेलें ऊन लाकडांत असतें, आणि तें पावसाळ्यांत चुलींत मोकळें होतें.

पाण्याचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. रायगडावरील गंगासागर तलाव पाहणाऱ्यास त्याचें मर्म सहज कळतें. पावसाळ्यांत गडावर जें पडतें तें अडवून पुढील आठ महिने पुरवावयाचें, हाच त्या तलावाचा उद्देश. पाऊस चार महिने येतो व आठ महिने पुरवावा लागतो; ऊन आठ महिने येतें व चार महिने पुरवावें लागतें. पाण्यासाठीं तळें खोदण्याची विद्या आपल्या पूर्वजांस उत्तम अवगत होती. उन्हासाठीं तळें कसें खोदावें, हा प्रश्न मात्र अद्यापि पुरता सुटलेला नाहीं. सूर्यशक्तीवर चालणाऱ्या यंत्रांचा दीडशें वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाचा अध्याय मुंबईस घडलेला आहे.

नाते ज्या जिल्ह्यांत मोडतें त्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. आज तो रायगड जिल्हा होय. तें जुनें नांव अलिबागेच्या जलदुर्गावरून पडलेलें. मुंबई बेटाच्या दक्षिण टोंकास जें कुलाबा आहे तें निराळें. या दुसऱ्या कुलाब्यांत १८७० नंतरच्या दशकांत विल्यम ॲडम्स नांवाचे एक इंग्रज गृहस्थ राहत असत. ते मुंबईच्या हायकोर्टांत डेप्युटी रजिस्ट्रार होते. धंदा कागदपत्रांचा, परंतु ध्यास उन्हाचा. फ्रान्समध्यें ओग्युस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकानें सूर्याच्या उष्णतेवर वाफेचें यंत्र चालविल्याचें वृत्त त्यांच्या वाचनांत आलें, आणि जें काम फ्रान्सच्या मंद उन्हांत होऊं शकतें तें मुंबईच्या प्रखर उन्हांत अधिक चांगलें कां होऊं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला.

मूशोचा परावर्तक हा चकचकीत धातूचा, नरसाळ्याच्या आकाराचा होता. ॲडम्स यांचें म्हणणें असें कीं, धातूची चकाकी लौकर जाते, असें भांडें करण्यास खर्च फार येतो, व तें मोठें केल्यास सूर्यामागोमाग फिरविणें कठीण पडतें. त्यांनीं साधे सपाट कांचेचे आरसे घेतले. प्रत्येक आरसा १७ इंच लांब व १० इंच रुंद. असे ७२ आरसे एका चौकटींत असे बसविले कीं, त्या सर्वांचें ऊन एकाच ठिकाणीं पडावें. वीस फुटांवर ठेवलेलें लाकूड त्या उन्हानें तत्काळ पेटलें. मग त्यांनीं मधोमध बॉयलर स्थिर ठेविला, आणि आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून दिवसांतून तीनचार वेळां सरकविण्याची योजना केली. एक मजूर हें काम सहज करूं शके. या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र चाललें. ॲडम्स यांनीं आपल्या आवाराचे दरवाजे सुमारें पंधरा दिवस सर्वांस मोकळे ठेविले, आणि मुंबईकरांनीं तें नवल डोळ्यांनीं पाहिलें.

याच ॲडम्स यांनीं उन्हावर चालणारी चूलहि केली होती. आरशांच्या लहानशा नरसाळ्यांत तांब्याचें भांडें व त्यावर कांचेचें आवरण, एवढीच तिची रचना. सात शिपायांचें मांस व भाजी जानेवारी महिन्यांत, म्हणजे मुंबईच्या ऐन थंडींत, दोन तासांत तींत शिजत असे, अशी नोंद आहे. १८७८ सालीं त्यांनीं या विषयावर मुंबईस एक पुस्तक प्रसिद्ध केलें. उष्ण देशांत इंधनाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, हें त्याचें प्रतिपाद्य. एकाच उष्णतेनें यंत्र चालावें, पाणी उपसलें जावें व अन्न शिजावें, हा विचार कुलाब्याच्या त्या आवारांत मूर्त झाला होता. ‘एका उन्हाचीं अनेक फळें’ ही जी कल्पना आजचे शास्त्रज्ञ मोठ्या प्रमाणावर राबवूं पाहत आहेत, तिचें बीज असें जुनें आहे.

त्याच वर्षीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत मूशोनें आपलें मोठें सूर्ययंत्र मांडलें. त्याच्या वाफेनें पंप चालला. आणि प्रेक्षकांस सर्वांत आश्चर्य वाटलें तें हें कीं, सूर्याच्या उष्णतेनें त्यानें बर्फ करून दाखविला. परंतु मूशोची दृष्टि याहूनहि पुढें गेली होती. दोन भिन्न धातूंच्या जोडास उष्णता लागली कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हें त्यास ठाऊक होतें. ही वीज पाण्यांतून सोडून पाण्याचें पृथक्करण करावें, निघालेले दोन वायु निरनिराळ्या पात्रांत सांठवावे, आणि सूर्य नसेल तेव्हां ते जाळावे, असा त्याचा विचार होता. उन्हाच्या तळ्याची ही पहिली रेखाकृति होय.

हे दोन वायु कोणते, हें येथें सांगणें अवश्य आहे. पाणी हें प्राणवायु व हायड्रोजन, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतील उज्ज वायु, यांचें बनलेलें आहे. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७६६ सालीं या ज्वालाग्राही वायूचे गुणधर्म वर्णिले. पुढें लाव्हाझ्ये यानें त्यास ‘पाणी उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचें नांव दिलें, कारण तो जळला म्हणजे पाणीच तयार होतें. १८०० सालीं निकल्सन व कार्लाइल या दोघां इंग्रजांनीं व्होल्टाच्या नव्या विद्युत्घटाच्या तारा पाण्यांत बुडविल्या, तों एका तारेपाशीं हायड्रोजनचे व दुसरीपाशीं प्राणवायूचे बुडबुडे येऊं लागले. याचा अर्थ असा कीं, वीज घालून पाणी फोडतां येतें, आणि तेच वायु पुन्हा एकत्र आणिले म्हणजे घातलेल्या शक्तीचा कांहीं भाग परत मिळतो. धूर नाहीं, राख नाहीं. मागें राहतें तें पाणी.

मूशोचा विचार मात्र कागदावरच राहिला. कोळसा स्वस्त झाला होता, व फ्रेंच सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं सूर्ययंत्र परवडत नाहीं असा निर्वाळा दिला. मुंबईची गोष्टहि निराळी नव्हती. येथील गिरण्यांस लागणारा कोळसा गलबतांतून व पुढें आगगाडीनें येत राहिला, आणि ॲडम्स यांचे आरसे विस्मृतींत गेले. त्यांचें यंत्र दुबळें होतें म्हणून तें मागें पडलें, असें नव्हे. तें सूर्य मावळला कीं थांबे, आणि आषाढ महिन्यांत तर त्यास कामच नसे. कोळसा म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वींचें सांठविलेलें ऊन. तो रात्रीं जळतो आणि पावसांतहि जळतो. लढाई ऊन व कोळसा यांची नव्हती. ती वाहतें ऊन व सांठविलेलें ऊन यांची होती, आणि तींत सांठा जिंकला.

सांठ्याचा प्रश्न प्रथम हातीं घेऊन प्रत्यक्षांत उतरविण्याचा मानहि एका शिक्षकाकडेच जातो. डेन्मार्क देशांतील आस्कोव्ह या खेड्याच्या लोकविद्यालयांत पॉल ला कूर हे शिकवीत असत. १८९१ सालीं त्यांनीं तेथें पवनचक्की उभारली. वारा हाहि सूर्याचेंच अपत्य, आणि त्यासारखाच लहरी. म्हणून ला कूर यांनीं चक्कीच्या विजेनें पाणी फोडून वायु टाक्यांत भरले, आणि १८९५ ते १९०२ पर्यंत विद्यालयाचे दिवे त्या वायूंवर जाळले. वायूंची सरमिसळ होऊन स्फोट झाल्यामुळें खिडक्यांच्या कांचा फुटण्याचे प्रसंगहि आले. हायड्रोजन हें उपयुक्त परंतु जपून हाताळण्याचें द्रव्य आहे, हा धडा जगास तेथें मिळाला. पुढें १९२३ सालीं केंब्रिज येथें दिलेल्या एका व्याख्यानांत जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानें भाकीत केलें कीं, कोळसा संपल्यावर इंग्लंड पवनचक्क्यांनीं भरून जाईल, आणि जास्त झालेली वीज हायड्रोजनच्या रूपानें भूमिगत टाक्यांत सांठविली जाईल. हेच हाल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले, व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तले.

इकडे जुन्या कुलाबा जिल्ह्यांत सूर्यशक्तीनें निराळ्याच वाटेनें प्रवेश केला. सूर्य समुद्राचें पाणी उचलतो, ढग तें सह्याद्रीवर टाकतात, आणि घाटमाथ्यावर अडविलेलें तें पाणी कोंकणांत कोसळतांना चक्रें फिरवितें. टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, व भिऱ्याचें १९२७ सालीं. ही खऱ्या अर्थानें सांठविलेली सूर्यशक्ति होती, आणि तिनें मुंबईच्या गिरण्या चालविल्या. परंतु भिऱ्यास पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ पासून सेनापति बापट प्रभृतींनीं तेथें सत्याग्रह केला. वीज कोठें जाते व जमीन कोणाची जाते, हे दोन प्रश्न त्या वेळीं प्रथमच एकत्र विचारले गेले. नव्या शक्तीचा विचार करतांना त्यांचा विसर पडूं देतां कामा नये.

सूर्याच्या प्रकाशापासून थेट वीज काढण्याची विद्या ही त्यानंतरची. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा सूर्यघट तयार झाला, तेव्हां तो पडलेल्या उन्हापैकीं शेंकडा सुमारें ६ भाग विजेंत बदलीत असे. आज बाजारांत मिळणारीं सूर्यपटलें शेंकडा २० च्या आसपास व त्याहूनहि अधिक भाग देतात. बाकीचा बहुतेक भाग उष्णता होऊन फुकट जातो. येथेंच अनेक फळें देणाऱ्या योजनेचें महत्त्व कळतें.

भाताच्या पिकाचा दाखला घ्यावा. तांदूळ माणसास मिळतो, कोंडा गुरांस, तूस चुलीस, आणि पेंढा पुन्हा गोठ्यास. ज्यानें केवळ तांदूळ घेऊन बाकीचें फेंकून दिलें त्याची शेती परवडणार नाहीं. सूर्ययंत्राचेंहि तसेंच आहे. आरशांनीं एकवटलेल्या उन्हानें प्रथम अतिशय तप्त वाफ करावयाची, व तिनें चक्र फिरवून वीज घ्यावयाची. चक्रांतून बाहेर पडणारी वाफ अजून उष्ण असते. तिच्यावर शीतगृहाचें यंत्र चालूं शकतें, खारें पाणी गोडें होऊं शकतें. त्याहून कमी उष्णता उरते ती धान्य वाळविण्यास अथवा स्नानाच्या पाण्यास उपयोगी पडते. आणि जी वीज त्या क्षणीं नको असेल तिनें पाणी फोडून हायड्रोजन सांठवावयाचा. त्याबरोबर निघणारा प्राणवायुहि टाकाऊ नव्हे. २०२१ च्या साथींत रुग्णालयांत प्राणवायूची जी वाण पडली ती ज्यांनीं पाहिली त्यांस हें निराळें सांगावयास नको.

महाराष्ट्रांत या योजनेचे कांहीं भाग प्रत्यक्ष उतरले आहेत. शिर्डी येथें २००९ सालीं साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर ७३ परावर्तक बसविण्यांत आले, आणि त्यांच्या वाफेवर सहस्रावधि भक्तांचें अन्न शिजूं लागलें. लातूर येथील दुग्धशाळेंत १६० चौरस मीटरच्या ‘अरुण’ नामक परावर्तकाच्या उष्णतेनें दूध तापविण्याचा प्रयोग झाला. सात शिपायांच्या त्या भांड्याचेच हे वंशज होत. मुंबईंत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक गणपति यादव यांनीं ओ. एन. जी. सी. ऊर्जा केंद्राच्या साह्यानें तांबें व क्लोरीन यांच्या चक्रावर संशोधन चालविलें. नुसत्या उष्णतेनें पाणी फोडावयाचें तर २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. परंतु तांबें व क्लोरीन यांच्या संयुगांची मध्यस्थी घेतली कीं सुमारें ५०० ते ५५० अंशांत व थोड्या विजेंत तेंच कार्य साधतें, आणि हीं द्रव्यें शेवटीं मूळ रूपांत परत येतात. एवढी उष्णता आरशांनीं मिळविणें शक्य आहे. पुण्यांत २०२२ च्या ऑगस्टमध्यें हायड्रोजनवर चालणारी, देशांत तयार झालेली बसगाडी रस्त्यावर आली. ४ जानेवारी २०२३ रोजीं केंद्र सरकारनें १९,७४४ कोटि रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षास ५० लक्ष टन हायड्रोजन उत्पन्न करण्याचें ध्येय त्यांत ठेविलें आहे. हाल्डेनच्या भाकितापासून सरकारी ठरावापर्यंत एक शतक गेलें.

हें सर्व ऐकून नात्याच्या शेतकऱ्यानें विचारावें कीं, आमचा याच्याशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो त्याच्या शेताच्या बांधापर्यंत पोहोंचलेला आहे. युरियाचें ४५ किलोचें पोतें घेतलें तर त्यांत सुमारें २०.७ किलो नत्र असतो. हा नत्र हवेंतून घेऊन अमोनियाच्या रूपानें बांधण्यास सुमारें ४.४ किलो हायड्रोजन खर्च होतो. याच जिल्ह्यांत अलिबागेजवळ थळ येथें खताचा मोठा कारखाना आहे. तेथें हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. त्या रीतीनें १ किलो हायड्रोजन करतांना ९ ते १० किलो कर्बवायु निघतो, आणि देशास लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. तेव्हां दूरच्या समुद्रांत युद्ध पेटलें तर त्याची झळ भाताच्या खांचरास लागते.

तोच हायड्रोजन उन्हाच्या विजेनें काढावयाचा तर काय लागेल? एका पोत्यामागें सुमारें ४० लिटर शुद्ध पाणी व २२० ते २४० युनिट वीज. छपरावरचें १ किलोवॉटचें सूर्यपटल उघाडीच्या दिवसांत दररोज सुमारें ४ युनिट वीज देतें. म्हणजे दोन महिन्यांच्या उन्हांत एका पोत्याचा हायड्रोजन झाला. शिवाय युरियास कर्बवायूहि लागतो. तो आज नैसर्गिक वायूबरोबरच मिळतो, उद्यां तो अन्य ठिकाणाहून आणावा लागेल. हिशेब असाध्य नाहीं, पण सोपाहि नाहीं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विजेपासून हायड्रोजन व हायड्रोजनपासून पुन्हा वीज, असा फेरा केला असतां मूळच्या विजेपैकीं सुमारें एक तृतीयांशच हातीं येते. म्हणून दिवसाची वीज रात्रीं वापरण्यास बॅटरीच बरी. हा वायु इतका हलका आहे कीं, तो सांठविण्यास फार मोठा दाब अथवा फार मोठी थंडी लागते, आणि तो बारीक फटींतूनहि निसटतो. त्याचें खरें स्थान आहे तें जेथें बॅटरी पुरी पडत नाहीं तेथें: खतांत, पोलादांत, लांबच्या जहाजांत, आणि महिनोन्‌महिने टिकवावयाच्या सांठ्यांत. रोजच्या भाजीसाठीं कोणी लोणचें घालीत नाहीं; तें पावसाळ्यासाठीं असतें.

नाते गांवाचें नांव देशास ठाऊक झालें तें चिंतामणराव देशमुख यांच्यामुळें. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं तेथें झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढें देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांची ख्याति आहे. परंतु केंब्रिज येथें त्यांनीं निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला होता, व १९१७ सालीं वनस्पतिशास्त्राचें फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविलें होतें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. वनस्पतिशास्त्राचा मुख्य विषय जें हिरवें पान, तेंच अनेक फळें देणारें आद्य सूर्ययंत्र होय. पान उन्हानें पाणी फोडतें, प्राणवायु हवेंत सोडतें, आणि हायड्रोजन कर्बाशीं जोडून साखर, पिष्ट व लाकूड यांच्या रूपानें ठेवून देतें. पानांतून सुटणारा प्राणवायु पाण्यांतूनच येतो, हें १९४१ सालीं रूबेन व केमेन यांनीं प्रयोगानें दाखविलें. ॲडम्सचे आरसे, मूशोची कल्पना, ला कूरच्या टाक्या व माटुंग्याचें चक्र हीं सर्व त्या पानाचाच कित्ता गिरवीत आलीं आहेत.

वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसानें पुढें देशाचा जमाखर्च पाहावा, यांत विसंगति नाहीं. पान जेवढें घेतें त्याचा चोख हिशेब ठेवतें, व संकटकाळासाठीं शिल्लक राखतें. सूर्ययंत्रांचें भवितव्यहि याच हिशेबावर अवलंबून आहे: किती ऊन आलें, किती वाया गेलें, किती सांठलें, आणि सांठलेल्यांतून ज्याची जमीन व ज्याचें पाणी लागलें त्याच्या वांट्यास काय आलें. गंगासागर तलावाचें पाणी गडावरील माणसांच्या तहानेसाठीं होतें. उन्हाचें तळें जेव्हां बांधलें जाईल तेव्हां त्याच्या कांठच्या गांवांसहि त्याचें पाणी मिळावें, म्हणजे कुलाब्यांत सुरू झालेलें तें काम पुरें झालें असें म्हणतां येईल.